मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधील अपरिचित खाणावळी कशा शोधाव्यात

न्यूयॉर्कमध्ये किंवा न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये एकदा तरी जातातच. कॅनॉल स्ट्रीटला उतरायचे, मॉट स्ट्रीटवर एक फेरी मारायची, फोनवर ज्या हॉटेलाला सर्वाधिक तारे दिसतील तिथल्या रांगेत उभे राहायचे आणि डंपलिंग खाऊन घरी परतायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. त्यात गैर काही नाही. मात्र फोनवरचे अभिप्राय बहुतांशी इंग्रजीत लिहिणाऱ्या पाहुण्यांचे असतात; ज्या खाणावळीत रोज तेच वीस-पंचवीस कामगार जेवतात आणि ज्यांना इंग्रजीत अभिप्राय लिहिण्याचे काही कारणच नसते, ती खाणावळ त्या यादीत वर येत नाही. अशा जागा शोधण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे, आणि तो म्हणजे कोणत्या गल्लीत कोणत्या मुलखाचे लोक केव्हा आले हे आधी समजून घेणे. इथली हॉटेले भराभर बंद पडतात, जागा बदलतात आणि नावेही बदलतात, त्यामुळे हॉटेलांची यादी सहा महिन्यांत शिळी होते. गल्ल्यांचा स्वभाव मात्र इतक्या लवकर बदलत नाही. म्हणून या लेखात नावे मोजकी आहेत आणि भर शोधण्याच्या पद्धतीवर आहे.

पहिली पायरी: गल्ली कोणाची ते ओळखावे

या वस्तीचा जुना गाभा म्हणजे मॉट, पेल आणि डॉयर्स हे तीन रस्ते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे आलेले चिनी लोक प्रामुख्याने दक्षिणेकडील ग्वांगडाँग प्रांतातले, त्यातही तोयसान भागातले होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली. १९४३ मध्ये ती बंदी उठली तरी वर्षाला जेमतेम १०५ जणांनाच प्रवेश मिळत असे, आणि १९६५ च्या कायद्याने ही अडवणूक संपेपर्यंत वस्ती लहान आणि जवळपास एकाच मुलखाची राहिली. डॉयर्स स्ट्रीटवरचे १९२० मधील ‘नॉम वा’ आणि मॉट स्ट्रीटच्या तळघरातले १९३८ मधील ‘वो हॉप’ ही या जुन्या कँटनी, म्हणजे ग्वांगडाँगकडील लोकांच्या, काळाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. नवख्याने ती अवश्य पाहावीत, पण शोध तिथे संपवू नये, कारण पुढच्या पन्नास वर्षांत आलेले लोक या तीन रस्त्यांच्या बाहेर स्थिरावले.

हा बदल उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर चॅटम स्क्वेअरच्या चौकात उभे राहावे. तिथे लिन झेश्यू या अधिकाऱ्याचा पुतळा १९९७ मध्ये उभारण्यात आला. लिन मूळचे फूच्यान प्रांतातील फूझौचे, आणि १९८० नंतर इथे मोठ्या संख्येने आलेले लोकही त्याच भागातले. आपल्या माणसाचा पुतळा त्यांनी आपल्या रस्त्याच्या तोंडाशी उभा केला. याच लिन यांनी १८३९ मध्ये ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफू जप्त करून नष्ट केली होती. चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून जात असे, त्यामुळे या पुतळ्यासमोर मुंबईकराला जरा अवघडल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही. या चौकातून निघणारा ईस्ट ब्रॉडवे आणि त्याच्या उत्तरेकडील एल्ड्रिज, फोर्साइथ हे रस्ते फूझौकरांचे आहेत. कँटनी लोकांचा पश्चिम भाग आणि फूझौकरांचा पूर्व भाग यांच्यामधून बावरी हा रुंद रस्ता जातो, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

उरलेल्या निम्म्यात चीनबाहेरून आलेले लोक येतात. १९७५ मध्ये व्हिएतनामचे युद्ध संपल्यावर तिथून बाहेर पडलेल्या निर्वासितांत चिनी वंशाचे लोक पुष्कळ होते आणि त्यांपैकी अनेकांचे पूर्वज ग्वांगडाँगच्या पूर्व टोकाच्या तिओच्यू भागातले होते. त्यांच्या हातचे नूडल सूप ना धड कँटनी असते ना धड व्हिएतनामी. बेयर्ड स्ट्रीटवरचे ‘बो की’ हे त्याचे जुने ठिकाण. शुद्ध व्हिएतनामी हॉटेले बॅक्स्टर स्ट्रीटच्या बाजूला आढळतात. शहराची फौजदारी न्यायालये तिथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे दुपारी एकच्या सुमारास वकील, कारकून आणि ज्यूरीच्या कामावर बोलावलेले नागरिक तिथे गर्दी करतात. मलेशियातून आलेल्या चिनी लोकांची हॉटेले ग्रँड स्ट्रीट आणि बावरीच्या आसपास शोधावीत. थाई माणसांचा वेगळा रस्ता इथे नाही, पण मलबेरी आणि मॉट यांच्यामधील मॉस्को स्ट्रीट या चिमुकल्या उतारावर थाई किराणा मालाचे एक जुने दुकान आहे, आणि त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे येईल.

दुसरी पायरी: वेळ आणि वाट

एडिसनकडून येणाऱ्यांनी न्यू जर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशन गाठावे, तिथून चालत हेरल्ड स्क्वेअरला जावे आणि डी गाडीने ग्रँड स्ट्रीटला किंवा एफ गाडीने ईस्ट ब्रॉडवेला उतरावे. जर्सी सिटीकरांना पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून चालत येणेही सोयीचे पडते. कॅनॉल स्ट्रीट स्थानक मुद्दामच टाळावे असे माझे मत आहे, कारण तिथून वर आले की पाय आपोआप मॉट स्ट्रीटकडे वळतात. ग्रँड स्ट्रीट किंवा ईस्ट ब्रॉडवेला उतरणारा माणूस थेट कामकरी वस्तीत पोहोचतो. शनिवार-रविवारी सकाळी अकरा ते दुपारी दोन ही डिम समसाठी, म्हणजे चहासोबतच्या लहान-लहान कँटनी पदार्थांसाठी, कुटुंबे बाहेर पडण्याची वेळ असल्याने या काळात लहान जागांतही बसायला मिळत नाही. मंगळवार ते गुरुवार दुपारी तीनच्या सुमारास गेल्यास गर्दी कमी असते आणि मालकाला चार शब्द बोलण्याइतकी सवड असते. चांद्र नववर्षाच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, मिरवणूक पाहायला जरूर जावे, पण खाणावळ शोधण्यासाठी तो काळ अगदीच गैरसोयीचा आहे.

तिसरी पायरी: बाहेरून काय पाहावे

इथे फोन खिशात ठेवून हळूहळू चालावे. फळ्यावर रोमन लिपीत एखाद्या प्रांताचे वा शहराचे नाव आहे का हे प्रथम पाहावे. फूझौ, लान्झौ, शीआन, हेनान, युन्नान, पेनांग अशी नावे लावणारा मालक आपण कोणासाठी शिजवतो हे सांगून टाकत असतो. याउलट ‘एशियन फ्यूजन’ असे लिहिलेले असेल आणि आत सुशी, पॅड थाई व जनरल त्सोचे चिकन एकाच पत्रिकेत असेल, तर ती जागा चुकून आलेल्या पर्यटकासाठी आहे असे खुशाल समजावे. पदार्थ जितके कमी तितका हात बसलेला, हा नियम इथे सहसा खोटा ठरत नाही.

त्यानंतर काचेतून आतले गिऱ्हाईक पाहावे, मात्र ‘चिनी माणसे दिसली म्हणजे जागा चांगली’ हा ढोबळ निकष पुरेसा नाही, कारण चायनाटाउनमध्ये चिनी माणसे सगळीकडेच दिसतात. ती काय खात आहेत हे पाहणे महत्त्वाचे आहे. सगळ्या टेबलांवर तेच दोन-तीन वाडगे असतील, तर आपणही तेच मागवावे.

ईस्ट ब्रॉडवे आणि एल्ड्रिज स्ट्रीट या भागात लहान, स्वस्त आणि झटपट वाढणाऱ्या जागा इतक्या का आहेत, याचेही एक कारण आहे. अमेरिकेच्या गावोगावी जी चिनी हॉटेले दिसतात, त्यांना स्वयंपाकी आणि मदतनीस पुरवणारी नोकरी एजंटांची कार्यालये अनेक वर्षे याच परिसरात होती. काम मिळाले की माणूस इथूनच लांब पल्ल्याची बस पकडून निघे आणि सुट्टीला याच बसने परत येई. दिवसभर दुसऱ्यांसाठी अमेरिकी चवीचे चिनी जेवण रांधणाऱ्या या माणसांना बस सुटण्यापूर्वी दहा मिनिटांत स्वतःच्या गावचे काहीतरी खायचे असे. त्यांच्यासाठी उघडलेल्या या जागा आहेत. म्हणूनच इथे सजावट नाही, बसायला स्टूल आहेत आणि पदार्थ चार-पाचच आहेत.

फूझौची ओळख करून घ्यायची तर दाण्याच्या कुटाच्या सारातील नूडल आणि माशाचे गोळे एवढ्यापासून सुरुवात करावी. नूडल पांढऱ्या, सपाट आणि गरम असतात, वर शेंगदाण्याचे पातळ सार ओतलेले असते, आणि आपण स्वतः चॉपस्टिकने तळापासून वर ढवळून घ्यायचे असते, कारण सार खाली बसते. माशाचा गोळा मात्र सावधपणे फोडावा. तो बाहेरून गुळगुळीत, पांढराशुभ्र आणि रबरासारखा लवचीक असतो, पण आत डुकराच्या मांसाचे सारण आणि त्याचा कढत रस भरलेला असतो, आणि घाईने चावल्यास तो रस थेट समोरच्याच्या शर्टावर जातो.

एल्ड्रिज स्ट्रीटवर हाताने ओढलेल्या नूडलची दुकाने आहेत. तिथे भटारखान्याजवळच्या टेबलावर बसण्याचा प्रयत्न करावा. कारागीर कणकेचा दंडगोल दोन्ही हातांनी ताणतो, ओट्यावर आपटतो, दुमडून पुन्हा ताणतो. प्रत्येक दुमडीला धागे दुप्पट होतात आणि पाहता पाहता ती जुडी उकळत्या पाण्यात जाते. ही पद्धत वायव्येकडील लान्झौची, पण इथे ती चालवणारे बरेचदा फूझौकर असतात. असली-नकलीचा वाद घालणाऱ्यांनी त्यावर खुशाल नाक मुरडावे, नूडल चांगल्या असतात.

इमारतींच्या आतही डोकवावे. बावरी आणि एलिझाबेथ स्ट्रीट यांना जोडणारी एक अंधारी आर्केड आहे. केशकर्तनालय, मोबाइल दुरुस्ती अशा गाळ्यांमधून जाताना मलेशियन जेवणाचा वास येतो, आणि बाहेरच्या रस्त्यावरून त्याचा पत्ताही लागत नाही. मॅनहॅटन पुलाखालचा ईस्ट ब्रॉडवे मॉल एकेकाळी असाच गजबजलेला होता, पण करोनाच्या साथीनंतर त्यातले बरेच गाळे ओस पडले. तळघराकडे उतरणारे जिने आणि पहिल्या मजल्यावरच्या पाट्या यांचाही अंदाज घ्यावा, कारण रस्त्याच्या पातळीवरचे भाडे परवडत नाही तेव्हा चांगला स्वयंपाकी वर किंवा खाली जातो.

मॉस्को स्ट्रीटवरच्या थाई दुकानाचा उपयोग इथेच होतो. कोणत्याही मुलखाचा किराणा विकणारा दुकानदार आपली माणसे कुठे जेवतात हे नेमके जाणतो. तिथून गलंगल (आल्यासारखा कंद) किंवा थाई तुळशीची जुडी विकत घ्यावी आणि पैसे देताना ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता’ असे विचारावे. ‘चांगले हॉटेल कोणते’ असे विचारल्यास परक्याला सांगायचे ठरलेले उत्तर मिळते. हीच युक्ती फोर्साइथ स्ट्रीटवर पुलाच्या कडेने भरणाऱ्या भाजीबाजारातही चालते, मात्र तिथे विक्रेत्याला गिऱ्हाइकी असताना अडवू नये.

दारावरचे आरोग्य खात्याचे अक्षर पाहायला विसरू नये. २०१० पासून शहरातील प्रत्येक हॉटेलाला तपासणीनंतर मिळालेली श्रेणी दर्शनी भागात लावावी लागते. दोषाचे गुण १३ पर्यंत असतील तर ए, १४ ते २७ असतील तर बी आणि २८ किंवा अधिक असतील तर सी मिळते. ‘ग्रेड पेंडिंग’ असेल तर निकाल लागायचा आहे. बी पाहून लगेच पाठ फिरवू नये. शहराच्या संकेतस्थळावर दोष कोणते होते ते वाचता येते, आणि भिंतीची दुरुस्ती राहून गेली आहे की मांस योग्य तापमानाला ठेवलेले नव्हते, यात फार फरक आहे. सी असेल तर मी स्वतः आत जात नाही.

चौथी पायरी: आपल्या पथ्याप्रमाणे काय मागवावे

मुंबई-पुण्याच्या गाडीवरचे मंचुरियन किंवा ट्रिपल शेजवान इथे कोणाला ठाऊक नाही, तेव्हा त्याची चौकशी करू नये. खरी अडचण निराळीच आहे. आपल्याकडे पदार्थात मांसाचा तुकडा नसला की तो शाकाहारी ठरतो. इथल्या स्वयंपाकघरात रस्सा हाडांचा असतो, कांद्याच्या पातीची पोळी कधी डुकराच्या चरबीत लाटलेली असते, मापो टोफूत खिमा असतो आणि साध्या हिरव्या भाजीवरही ऑयस्टर सॉस ओतला जातो. फूझौचे एक वाँटन तर असे असते की त्याची पारीच डुकराचे मांस कुटून, त्यात पिठी मिसळून लाटलेली असते, म्हणजे सारण काढून खाण्याचाही मार्ग उरत नाही. म्हणून काय चालत नाही ते चिनी लिपीत लिहवून फोनमध्ये साठवून ठेवावे. गोमांस, डुकराचे मांस, चरबी, हाडांचा रस्सा, फिश सॉस, ऑयस्टर सॉस असे एकेक नाव असावे. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्या शब्दावर विसंबून राहू नये. पारंपरिक चिनी लिपी निवडल्यास कँटनी आणि फूझौकर दोघांनाही ती बहुधा वाचता येते.

पूर्ण शाकाहारी माणसाने बौद्ध पद्धतीची हॉटेले शोधावीत. ती या वस्तीत पूर्वीपासून आहेत, आणि तिथे डिम समही बिनमांसाचे मिळते. या स्वयंपाकात परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतात, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही तिथे निर्धास्तपणे नेता येते. व्हिएतनामी पत्रिकेत रोमन लिपीत सी-एच-ए-वाय ही चार अक्षरे पदार्थाच्या नावाला जोडलेली असतील तर तो शाकाहारी समजावा, तरीही फिश सॉसविषयी एकदा विचारून घ्यावे.

गोमांस आणि डुकराचे मांस टाळून मटण-चिकन खाणाऱ्यांची मात्र इथे चंगळ आहे, आणि त्यांनी उत्तर व पश्चिम चीनकडे वळावे. शीआनच्या रुंद, हाताने फाडलेल्या नूडलवर जिरे आणि लाल मिरची घातलेले मटण येते. बेयर्ड स्ट्रीटवर त्याची एक प्रसिद्ध साखळी आहे आणि सुरुवात तिथून करण्यास हरकत नाही. फोर्साइथ स्ट्रीटवरच्या ‘स्पायसी व्हिलेज’मध्ये हेनानकडचे पदार्थ मिळतात. तिथे मोठ्या ताटात हाडासकट तोडलेली कोंबडी, बटाटे आणि मिरचीचा झणझणीत रस्सा येतो, त्यात रुंद नूडल बुडवून खायच्या असतात. हाडाचे बारीक तुकडे बरेच असतात, म्हणून लहान मुलांना भरवताना लक्ष ठेवावे.

मलेशियन जेवण मराठी जिभेला सर्वांत लवकर रुचते. रोटी चनाई ही दक्षिण भारतातून गेलेल्या लोकांची पदर सुटणारी पराठ्यासारखी रोटी आहे, पण सोबतच्या वाटीत बहुतेक वेळा चिकनची करी असते, हे शाकाहारी माणसाने ध्यानात ठेवावे. ‘कांगकुंग’ म्हणजे आपल्या कोकणातली नाळीची भाजी. तिच्यात जो बलाचान घालतात, तो जवळ्यासारख्या बारीक कोळंबीत मीठ घालून, आंबवून आणि वाळवून केलेला असतो. ज्यांच्या घरी सुका जवळा शिजतो त्यांना तो वास परका वाटणार नाही, आणि ज्यांच्या घरी शिजत नाही त्यांनी ही भाजी लसणीवर परतून मागावी. रेनडांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेले मसालेदार मांस, बहुतेक वेळा गोमांसाचे असते.

पाचवी पायरी: बसणे, मागवणे आणि पैसे देणे

लहान जागेत अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसावे लागते. खुर्ची रिकामी दिसली की वेटर बोटाने दाखवतो. तो उद्धटपणा नाही, तिथली रीतच आहे. भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवरचे पदार्थ छापील पत्रिकेत नसतात, आणि चांगले पदार्थ बऱ्याचदा त्याच कागदांवर असतात. फोनच्या कॅमेऱ्याने त्यांचे भाषांतर करून पाहावे, पण त्यावर पूर्ण विश्वास टाकू नये. शेजारच्या वाडग्याकडे नम्रपणे बोट दाखवणे अधिक भरवशाचे असते. दुसऱ्याच्या जेवणाचा फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नये. कँटनी हॉटेलात चहाची किटली संपली की झाकण उघडे, तिरपे ठेवावे, ती आपोआप भरून मिळते.

रोख रक्कम जवळ हवीच, कारण बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही. नूडलच्या एका वाडग्याला साधारण १० ते १५ डॉलर धरावेत, त्यावर शहराचा विक्रीकर ८.८७५ टक्के लागतो. टेबलावर आणून वाढतात तिथे टीप द्यावी लागते. कराच्या रकमेची दुप्पट केली की जवळजवळ १८ टक्के होतात, आणि न्यूयॉर्कमध्ये अनेक जण हाच हिशेब वापरतात. काउंटरवरून स्वतः वाडगा उचलून आणायचा असेल तर टीपचे बंधन नाही, तरी डब्यात एक डॉलर टाकणे चांगले. बिलात टीप आधीच धरलेली नाही ना, हे मोठ्या गटाने गेल्यास तपासावे.

पहिल्या फेरीत एकाच मुलखाची एकच जागा निवडावी आणि पोटभर तेच खावे. एका दुपारी पाच ठिकाणी चाखत फिरण्याची हौस असणाऱ्यांना सगळीकडचे थोडेथोडे मिळते, पण चव कुठलीच लक्षात राहत नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा, शक्यतो त्याच वारी गेल्यास मालक ओळखू लागतो, आणि कागदावर नसलेला पदार्थ कोणता हे विचारण्याची सोय होते.

मॅनहॅटनमध्ये एवढे जमले की क्वीन्सकडे जावे. जॅक्सन हाइट्सला आपण किराणा आणायला जातोच. तिथून आर किंवा एम गाडीने पुढचेच स्थानक एल्महर्स्ट अव्हेन्यू, आणि मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये जवळपास न मिळणारे इंडोनेशियन आणि अधिक चांगले थाई जेवण त्या स्थानकाच्या आसपासच्या रस्त्यांवर मिळते. तिथेही आधी किराणा दुकानातच विचारावे.